अवेळी लोकर का गळते?



कातरणीला अजून अवकाश असतो, आणि मेंढीच्या पाठीवर हात ठेवावा तर लोकर मूठभर हातात येते. अशा वेळी कोणीतरी सांगतो, "एक सुई टोचा, थांबेल." ती सुई कशाची, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. त्यासाठी लोकर कशाच्या हुकमाने वाढते ते आज थोडे समजून घेऊ.

जनावराच्या शरीरात काही लहान ग्रंथी असतात. त्या आपला रस सरळ रक्तात सोडतात. या रसाला डॉक्टर हार्मोन म्हणतात, शाळेच्या पुस्तकात त्याला संप्रेरक असे नाव आहे. तो रक्तातून केसाच्या मुळाशी पोचतो आणि वाढ, थांब किंवा गळून पड, असा निरोप देतो.

पहिली ग्रंथी गळ्यातील थायरॉईड. तिचा रस कमी पडला की लोकर मंद वाढते. ही ग्रंथी काढून टाकलेल्या मेंढ्यांची लोकर बरीच घटते आणि तोच रस बाहेरून दिला की पुन्हा वाढू लागते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. हा रस तयार होण्यास आयोडीन लागते. गाभणपणी मेंढीला आयोडीन फारच कमी पडले, तर कोकरू गळ्याला गाठ घेऊन आणि अंगावर विरळ लोकर घेऊन जन्मते. कोबी-फ्लॉवरचा पाला आठवडेच्या आठवडे नुसता तोच घातला, तरी या ग्रंथीच्या कामात अडथळा येतो. इतर चाऱ्यात मिसळून घालावा.

दुसरी ग्रंथी मूत्रपिंडाच्या टोकाशी असते. तिचे नाव ॲड्रिनल. ताप, उपासमार, लांबची पायपीट, अवघड वीत अशा संकटात ती कॉर्टिसॉल नावाचा रस जास्त सोडते. त्यामुळे शरीर संकटाला तोंड देते, पण लोकरीचे काम मागे पडते. त्या दिवसांत वाढलेला धागा बारीक व कमकुवत होतो. पुढे ओढताच लोकर तेथेच तुटते, किंवा सगळीच सुटून येते. म्हणजे आज गळणारी लोकर बहुधा काही आठवड्यांपूर्वीच्या आजाराची खूण असते.

तिसरी गोष्ट उजेडाची. मेंदूतील पीनियल ग्रंथी रात्रीच्या अंधारात मेलाटोनिन सोडते. हा रस अमेरिकेतील डॉ. लर्नर यांनी १९५८ साली गाईबैलांच्या ग्रंथींतून वेगळा काढला. रात्र मोठी तसा तो अधिक काळ स्रवतो, आणि त्यावरून शरीराला ऋतू कळतो. लडाखच्या चांगथांग पठारावरील पश्मिना बकरीला दिवस लहान होऊ लागले की आतली मऊ लोकर येते. वसंतात दिवस वाढले की प्रोलॅक्टिन हा दुसरा रस वाढतो व ती लोकर सुटते. मग लोक ती विंचरून घेतात. आपल्याकडे दिवस-रात्रीत इतका फरक पडत नाही. तरीही हिवाळा सरताना गाईबैलांचे केस थोडे झडतात, ते बव्हंशी याच कारणाने. त्याला औषध नको.

आता त्या सुईविषयी. खाज, सूज, अशक्तपणा, कशावरही काही जण डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉईड टोचतात. ते कॉर्टिसॉलच्याच जातीचे. जनावर तात्पुरते तरतरीत दिसते, पण रोगाशी लढण्याची त्याची ताकद कमी होते. गाभण मेंढीला तर धोका मोठा. न्यूझीलंडचे डॉ. लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की, कोकराच्या जन्माची वेळ झाली हा निरोप याच जातीच्या रसाने मिळतो. म्हणून शेवटच्या दिवसांत अशी सुई दिली, तर मेंढी अवेळी विते आणि कोकरू हातचे जाते.

तेव्हा लोकर गळताना दिसली, तर पुढील क्रमाने पाहावे :

१. कातडी बघा. खाज, खपली, उवा असतील तर तो खरजेचा किंवा किड्यांचा त्रास आहे, ग्रंथींचा नव्हे.

२. मागील दोन महिने आठवा. ताप, जंत, वीत, चाऱ्याची टंचाई, यांपैकी काय झाले?

३. मेंढी पाच महिने गाभण असते. त्यांतील शेवटच्या दोन महिन्यांत खुराक वाढवा. बारीक लोकरीची मुळे याच काळात कोकराच्या कातडीत धरतात. तेव्हा झालेली उपासमार त्या कोकराच्या लोकरीत जन्मभर दिसते.

४. चाटायला आयोडीनयुक्त मीठ ठेवा.

५. सुई द्यायचीच तर गुरांच्या डॉक्टरांकडून. मेंढी गाभण आहे हे त्यांना आधी सांगा, आणि औषधाचे नाव कागदावर लिहून घ्या.

बहुतेक मेंढ्यांना पोटभर चारा, जंताचे औषध आणि थोडी विश्रांती मिळाली, की लोकर आपोआप पुन्हा धरते.