निवृत्तीनंतरचा वेळ : विरंगुळा किती, व्याप किती?

हट्टा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातले गाव. इथल्या किंवा आसपासच्या कोणत्याही गावातल्या जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी डोळ्यांसमोर आणा. लहानपणी शाळेत नाव घालताना त्यांची जन्मतारीख १ जून लिहिली गेली. म्हणून वयाची ५८ वर्षे भरताच ३१ मे रोजी ते निवृत्त होतात. शाल-श्रीफळ, भाषणे, फोटो होतात. पहिले पंधरा दिवस काही वेगळे वाटत नाही, कारण उन्हाळ्याची सुट्टी दरवर्षीचीच. मग जूनच्या मध्यावर शाळेची घंटा घरात ऐकू येते, आणि आज आपल्याला कुठेच जायचे नाही हे पहिल्यांदा जाणवते.

‘आयुष्यभर राबलात, आता आराम करा,’ असे सगळे सांगतात. हा सल्ला कितपत बरोबर आहे?

आधी हिशेब करू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे काम, पाठाच्या तयारीसह, आठवड्याला किमान ४५ तास धरले आहे. म्हणजे निवृत्तीबरोबर आठवड्याचे निदान ४५ तास रिकामे होतात. या तासांचे आपोआप काय होते?

याचे एक जुने निरीक्षण उपलब्ध आहे. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल नावाच्या गावात एकच मोठी कापड गिरणी होती. १९३० च्या सुमारास ती बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव रिकामे झाले. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून लोकांच्या दिनक्रमाच्या नोंदी घेतल्या. वेळ भरपूर, म्हणून वाचन वाढले असेल असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने रेंगाळत चालू लागले. दुपारभर काय केले, हे अनेकांना सांगताही येईना.

बेकारी आणि निवृत्ती या एक गोष्टी नाहीत. बेकाराला उद्याच्या भाकरीची चिंता असते. पण एक मुद्दा दोन्हीकडे लागू पडतो. याहोदा यांनी पुढे असे मांडले की, नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते : दिवसाची आखणी, घराबाहेरची माणसे, सर्वांनी मिळून गाठायचे उद्दिष्ट, समाजातली ओळख आणि नियमित हालचाल. पेन्शन मिळाली तरी ती फक्त पगाराची जागा घेते. बाकीच्या पाच जागा रिकाम्याच राहतात.

मारिएन्थालमध्ये स्त्रिया मात्र भराभर चालत होत्या, कारण घरकाम संपले नव्हते. आपल्याकडच्या बाईंचेही तसेच होते. शाळेतून निवृत्ती मिळते, स्वयंपाकघरातून मिळत नाही. मोकळे झालेले तास नातवंडे आणि पाहुणे वाटून घेतात. गुरुजींचा प्रश्न रिकाम्या वेळाचा असतो, तर बाईंचा प्रश्न स्वतःचा वेळ मिळवण्याचा असतो.

मग विरंगुळा वाईट का? मुळीच नाही. कॅनडातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२ मध्ये त्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. पहिला सहज विरंगुळा : पारावरच्या गप्पा, टीव्ही, दुपारची झोप. त्याला तयारी लागत नाही, सुख लगेच मिळते आणि लगेच संपते. दुसरा मनावर घेतलेला छंद : त्यात कौशल्य कमवावे लागते, अडचणी येतात, चिकाटी लागते आणि हळूहळू आपली प्रगती दिसते. त्याच वाटेवरची माणसेही भेटतात. स्टेबिन्स यांच्या मते चांगल्या आयुष्याला दोन्हींचे मिश्रण लागते.

दुसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण एका मराठी शिक्षकाचेच आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिकवले. संख्यांशी खेळणे हा त्यांचा विद्यार्थिदशेपासूनचा नाद. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म जाहीर केला. तो आपणही तपासू. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने होणारी संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. कापरेकरांच्या निवृत्तीचे वर्ष घेऊ :

९६२१ − १२६९ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचता येते. हिंगोली जिल्हा झाला ते १९९९ हे वर्ष घेऊन विद्यार्थ्यांकडून करून घ्या. सहा पायऱ्या लागतील.

देशातल्या अनेक गणितज्ञांनी हे काम किरकोळ मानले. कापरेकर मात्र निवृत्तीनंतरही थांबले नाहीत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्या कामावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोचले. तेव्हा निवृत्तीला तेरा वर्षे झाली होती.

या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यांची पेन्शन पुरत नव्हती, म्हणून उतारवयात त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. आयुष्याच्या अर्थाची चर्चा पैशाच्या प्रश्नावर पांघरूण घालण्यासाठी नसावी. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या शिक्षकांना तर हे अधिकच जाणवते.

अशा व्यापाचा आरोग्याशी संबंध असतो का? जपानमध्ये ओसाकी भागातल्या ४० ते ७९ वयाच्या ४३ हजारांहून अधिक लोकांना ‘तुमच्या जगण्याला काही हेतू आहे का?’ अशा अर्थाचा प्रश्न विचारून सात वर्षे त्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. ‘नाही’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पण सावध राहू : दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. जो आधीच आजारी आहे त्याचाही उत्साह मावळलेला असू शकतो. संशोधकांनी आजारपण, धूम्रपान वगैरे गोष्टी हिशेबात घेतल्या तरी ही शंका पूर्ण फिटत नाही.

आता आपल्या गुरुजींकडे परत येऊ. त्यांनी सगळे ४५ तास भरून काढायची गरज नाही. गप्पा आणि झोप यांचा हक्क त्यांनी कमावलेला आहे. पण आठवड्यातले दहा-बारा तास तरी अशा कामाचे असावेत की जे आपण निवडले, जे थोडे अवघड आहे आणि ज्याची कोणीतरी वाट पाहते. रोजच्या पावसाची मोजणी, गावातल्या विहिरींच्या पातळीची नोंद, गणितात मागे पडलेल्या चार मुलांचा संध्याकाळचा वर्ग. शिक्षकाला यातले काहीही जमेल. बाईंच्या बाबतीत आधी घरातल्यांनी हे तास मोकळे करून द्यावे लागतील.

कापरेकरांना नाद लागला तो निवृत्तीच्या तीसहून अधिक वर्षे आधी. म्हणून हा लेख ५८ वर्षांच्या वाचकांइतकाच पस्तिशीतल्या शिक्षकांसाठी आणि दहावीतल्या विद्यार्थ्यांसाठीही आहे.