वाळणच्या कोंडीपासून नाणेमाचीच्या कड्यापर्यंत

महाडहून बिरवाडीची औद्योगिक वसाहत ओलांडून पुढे गेलं, की रासायनिक कारखान्यांचा वास हळूहळू मागे पडतो आणि काळ नदीची सोबत सुरू होते. सावित्रीला मिळणारी ही नदी. तिच्या काठाने वर जाताना वाळण लागतं आणि तिथे नदीच्या पात्रात खोल डोह आहे, वाळणकोंड. रायगडाच्या या आतल्या पट्ट्यात कोंड म्हणजे वाडीही आणि खोल पाण्याचा डोहही. इथला अर्थ पाण्याचा. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं आहे. काठावर उभं राहून कुरमुरे टाकले, की पाण्याचा रंग बदलतो. आधी बोटाएवढी पिल्लं वर येतात, मग हातभर लांबीचे मासे आणि सगळ्यात शेवटी थोरले, असा क्रम इथली माणसं सांगतात. हे महसीर, म्हणजे गोड्या पाण्यातले आपले सर्वांत दमदार मासे. इतर नद्यांमधून ते झपाट्याने कमी झाले. इथे आहेत, कारण ते देवीचे आहेत. या डोहात कोणी जाळं टाकत नाही, गळ टाकत नाही. त्यासाठी कुंपण घालावं लागलं नाही की पहारेकरी नेमावा लागला नाही.

प्राणी पाहायला माणसं घराबाहेर पडतात तेव्हा मुंबईची राणीची बाग गाठतात, पुण्याचं कात्रज गाठतात, हौस आणि पैसा असला तर ताडोबा गाठतात. महाड-पोलादपूरच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नाही. इथे आहे ती वाळणची कोंड, सावित्रीतल्या मगरी आणि याच रस्त्याने आणखी वर चढून गेल्यावर भेटणारा नाणेमाचीचा कडा. या लेखाचा खरा विषय तो कडा आणि त्याच्यासाठी महाडमध्ये बसून वर्षानुवर्षं खपलेली एक संस्था.

पावसाळ्यात नाणेमाचीला गर्दी असते ती धबधब्यासाठी. कड्याचे खरे रहिवासी पाहायचे तर हिवाळ्यात यावं. माचीवर उभं राहून समोरच्या काळ्या कातळावर नजर फिरवली, तर काही कपारींखाली चुना सांडल्यासारखे पांढरे ओघळ दिसतात. ती विष्ठा. वर घरटं आहे याची ती खूण. पक्षी लगेच दिसत नाही. ऊन तापायला लागलं, दरीतून गरम हवा वर उठायला लागली, की कपारीतून एक काळपट आकार नुसता बाहेर कलंडतो आणि पंख न हलवता वर वर जातो. हे लांब चोचीचं गिधाड. पंखांचा पसारा दोन मीटरच्या पुढे. एवढा मोठा जीव असा आवाज न करता डोक्यावरून जातो, तेव्हा आपण बोलायचं थांबतो. मी तरी थांबलो.

आपल्या भागात मुख्यत्वे दोन जातींची गिधाडं. लांब चोचीचं कड्यात घर करतं, पांढऱ्या पाठीचं उंच झाडावर. नाणेमाची पहिल्याचं, तर म्हसळा तालुक्यातलं चिरगाव दुसऱ्याचं. दोघांचाही संसार सावकाश चालतो. वर्षाला एकच अंडं, त्यावर आई-बाप दोघांनी आळीपाळीने दीड-पावणेदोन महिने बसायचं, पिल्लू उडायला पुढे तीन महिन्यांहून अधिक. एक पिल्लू गेलं की पूर्ण वर्ष गेलं. या हिशोबामुळे गिधाडांची संख्या घसरायला वेळ लागत नाही आणि भरून यायला पिढी जाते.

आणि ती घसरली कशी, हे माझ्या वयाच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. 1980च्या दशकात गावाबाहेर ढोर टाकलं, की आभाळातून थवा उतरायचा आणि काही तासांत पांढरा सांगाडा उरायचा. मग थवे यायचे थांबले. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून अधिक घटली, लांब चोचीचीही जवळपास 97 टक्के. मुंबईत डुंगरवाडीवर पारशी समाजाचा गिधाडांवर विसंबलेला शतकांचा अंत्यविधी अडला. राजस्थानातल्या भरतपूरला पक्षी-अभ्यासक विभू प्रकाश घरट्यांची मोजणी करत होते. माना टाकून बसलेले, मग झाडावरून खाली पडलेले पक्षी त्यांनी नोंदवले. रोग असेल, कीटकनाशक असेल, अशा शंका झाल्या. 2004मध्ये संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून कारण दाखवलं: डायक्लोफिनॅक. ताप, सूज, लंगडणं यांवर गुरांना टोचायचं स्वस्त औषध. टोचल्यानंतर एक-दोन दिवसांत जनावर मेलं आणि ते गिधाडाने खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाची पांढरी पूड साचते आणि पक्षी मरतो. शंभर मढ्यांमागे एकाहून कमी मढं असं विषारी असलं तरी सगळी जात खाली जायला पुरेसं असतं, असं गणित पुढे मांडलं गेलं. कारण एका ढोरावर पन्नास-पन्नास गिधाडं उतरतात.

पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर म्हातारा बैल आजारी पडला आणि मालकाने कळवळून डॉक्टर बोलावला, तर त्या मायेच्या सुईने कड्यावरची पिल्लं मरू शकतात. यात कोणीही दुष्ट नाही. म्हणूनच हे काम अवघड आहे.

महाडची सिस्केप ही संस्था या अवघड जागी उभी राहिली. प्रेमसागर मेस्त्री हे तिचे संस्थापक. सोबत महाड परिसरातली तरुण मुलं, शिक्षक, नोकरदार. त्यांचं काम बाहेरून पाहिलं तर साधं वाटतं: घरटी मोजायची, पिल्लं उडाली का ते पाहायचं, शाळांमधून मुलांशी बोलायचं, गुरांच्या डॉक्टरांना भेटायचं. आणि एक काम, जे ऐकून पाहुणे नाक मुरडतात. गावात ढोर मेलं की खबर घ्यायची, ते गाडीत घालायचं आणि गिधाडांना खायला मिळेल अशा ठिकाणी नेऊन टाकायचं. मेलेल्या म्हशीचं वजन पाचशे किलोच्या घरात जातं. डोंगरातला रस्ता, एप्रिलचं ऊन आणि मढ्याला सुटलेला वास यांच्यात हे काम करायचं. वनखात्याच्या साथीने फणसाड अभयारण्यातही अशी खाऊ घालायची जागा केली गेली. एकेकाळी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या शिकारीचं हे रान, 1986मध्ये अभयारण्य झालं. इंग्रजीवरून याला गिधाडांचं उपाहारगृह म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत ड्रॅकेन्सबर्गच्या डोंगरात 1966मध्ये पहिलं सुरू झालं.

खाऊ घालावं का लागतं, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर गोठ्यात आहे. पोलादपूर आणि महाडच्या वाड्यांतली कर्ती माणसं मुंबई-सुरतेला गेली. घरात म्हातारा-म्हातारी राहिली, नांगराच्या जागी पॉवर टिलर आला, बैलजोडी गेली. गोठे रिकामे झाले, तशी गिधाडांची ताटंही. म्हणजे एकीकडे औषधाने मारलं, दुसरीकडे गाव ओस पडल्याने उपाशी ठेवलं. नंतर 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन-म्हसळ्याच्या पट्ट्यातली जुनी, उंच झाडं आडवी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला घर करायला नेमकी तीच लागतात.

मेलेलं ढोर हा विषय महाडमध्ये काढला, की 1927 आठवल्यावाचून राहत नाही. 19 आणि 20 मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद इथे भरली आणि त्यानंतर बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच परिषदेच्या ठरावांत सवर्णांना एक आवाहन होतं: आपली मेलेली जनावरं आपणच पुरा. तोवर ती ओढायची सक्ती महारांवर होती. पिढ्यान्‌पिढ्या एका समाजाच्या माथी मारलेलं आणि त्याबद्दल पुन्हा त्यालाच हीन ठरवणारं हे काम. परिषदेनंतर अनेक गावांत त्यांनी ते नाकारलं. याच महाडमध्ये आज वेगवेगळ्या घरांतली मुलं आपल्या खुशीने मढ्याला हात लावतात, दोर बांधतात, गाडीत चढवतात. मला ही गोष्ट गिधाडांच्या आकड्यांइतकीच मोलाची वाटते. ढोर उचलणं ही कोणाची जात नाही, हे महाडने एकदा ठरावाने सांगितलं होतं. आता ते कामातून दिसतं.

गिधाडांना जगवायचं असंच काम फ्रान्समध्ये कसं झालं, तेही पाहण्यासारखं आहे. दक्षिणेकडच्या कॉस पठारावरून गिधाडं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच संपली होती: गोळ्या, विष. 1981पासून पुढच्या काही वर्षांत तिथे साठाहून अधिक ग्रिफन गिधाडं सोडली गेली. आज जोंत नदीच्या दरीत गिधाडं पाहायला दुर्बिणी लावलेलं खास घर आहे. कुटुंबं तिकीट काढून येतात, मुलं घरट्यातली पिल्लं पाहतात. आणि तिथले मेंढपाळ परवाना घेऊन आपल्याच रानात मेलेली मेंढी गिधाडांसाठी ठेवतात. मेंढपाळाची मढं जाळायची यातायात वाचते, पक्ष्याला घास मिळतो.

पण युरोपचं सगळंच अनुकरण करू नये. गायींमधल्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने तिथे 2002मध्ये मेलेली जनावरं उचलून नष्ट करायचा कायदा झाला आणि स्पेनमधली गिधाडं भुकेली पडली. नियम सैल करायला बरीच वर्षं गेली. त्याहून विचित्र म्हणजे भारताने 2006मध्ये गुरांसाठी बंद केलेलं डायक्लोफिनॅक स्पेनने 2013मध्ये गुरांसाठी चालू केलं. 2020मध्ये तिथे काळ्या गिधाडाचं एक पिल्लू त्याच औषधाने मेलेलं सापडलं. या बाबतीत शहाणपण आपल्याकडे आधी आलं, किंमत मोजून आलं.

आपल्याकडेही ते एका फटक्यात आलं नाही. गुरांसाठी बंदी झाली तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या दुकानात मिळत आणि त्या गोठ्यात पोचत. 2015मध्ये माणसांसाठीची कुपी तीन मिलिलिटरची केली, म्हणजे बैलाला टोचायला ढीगभर कुप्या फोडाव्या लागतील. 2023मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही गिधाडांना घातक ठरलेली दुसरी दोन औषधंही गुरांसाठी बंद झाली. सुरक्षित पर्याय आहे: मेलोक्सिकॅम. तो दुर्मीळ नाही की परवडत नाही असंही नाही. डॉक्टरने तो बॅगेत ठेवला पाहिजे आणि मालकाने तोच मागितला पाहिजे, एवढंच.

गिधाडं नाहीत म्हणून काय बिघडलं, असं विचारणारे भेटतात. मढी कुजत पडली, पाण्यात मिसळली, कुत्र्यांची टोळकी वाढली. इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी 2024मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडं गेल्यामुळे भारतात 2000 ते 2005 या काळात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. ज्याला आपण अशुभ म्हणून घराच्या कौलावरून हाकललं, तो एवढं काम फुकट करत होता. जटायूची गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि जिवंत जटायूला अमंगळ म्हणतो, हे मला फार खुपतं.

वाळणच्या कोंडीची हद्द दगडापासून दगडापर्यंत आहे, देवीला ती राखता येते. गिधाडाची हद्द कुठे आखणार? ते अन्नाच्या शोधात एका दिवसात शंभर किलोमीटर सहज फिरतं. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं 2024मध्ये ताडोबा आणि पेंचला आणून सोडली, तर ताडोब्याचं एक पार तामिळनाडूत पोचलं. नाणेमाचीचं गिधाड घाट ओलांडून साताऱ्याकडेही जाणार, खाली पोलादपुराकडेही. त्याचं अभयारण्य म्हणजे या सगळ्या मुलखातला प्रत्येक गोठा, औषधाचं प्रत्येक दुकान.

नाणेमाचीला जाणाऱ्यांना म्हणून माझी काही विनवणी आहे. हिवाळ्यापासून पुढे पिल्लं उडेपर्यंत घरट्यांचे दिवस. कड्याजवळ ड्रोन उडवू नका, ढोल-स्पीकर नकोत, कपारीच्या वर चढून फोटो काढायचा मोह नको. बिचकलेला पक्षी घरट्यावरून उठला, की अंडं उन्हात उघडं पडतं. माचीवरून दुर्बिणीने पुष्कळ दिसतं. सकाळी दहानंतर जा, हवा तापली की गिधाडं स्वतःच बाहेर येतात. येताना वाळणला थांबा, माशांना मूठभर कुरमुरे घाला, प्लास्टिकची पिशवी खिशात घालून परत आणा.

परतीच्या दिवशी पोलादपूरच्या अलीकडे एका ओळखीच्या घरी थांबलो. गोठ्यात बैल पुढच्या पायाने लंगडत होता आणि गुरांचे डॉक्टर नुकतेच आले होते. मी काही बोलायच्या आतच त्यांनी कुपी माझ्यापुढे धरली. मेलोक्सिकॅम. घरातल्या काकांनी हे नाव कशाला एवढं निरखून वाचताय म्हणून विचारलं, तेव्हा मी कड्यावरची हकिगत सांगितली. ते ऐकत राहिले. मग गोठ्याच्या मागच्या उताराकडे बोट करून म्हणाले, ढोरं तिथे टाकायचो आम्ही, त्या ऐनावर गिधाडं बसायची. ऐन अजून उभा होता. त्यांनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, हा म्हातारा झालाय, उद्या काही झालं तर फोन कोणाला करायचा?