सरकारी विमा आणि डोळ्यांचा दवाखाना

आजचा विषय ऐकण्यास किरकोळ वाटेल. परंतु ज्याच्या डोळ्यांपुढें धुकें दाटूं लागलें आहे त्याला तो किरकोळ नाहीं. सरकारी आरोग्यविम्याचें कार्ड घरांत आहे, मोतीबिंदु वाढत चालला आहे, आणि हें कार्ड घेणारा डोळ्यांचा डॉक्टर कोठें मिळेल, असा प्रश्न आज पुष्कळ घरांत विचारला जातो.

आमच्या आळींतील एक आजीबाई, वय त्र्याहत्तर, कार्ड घेऊन बाजारपेठेंतील एका डॉक्टरांकडे गेल्या. ‘हें आमच्याकडे चालत नाहीं’ असें उत्तर मिळालें. त्यांनीं कार्ड ट्रंकेंत ठेवून दिलें आणि पुढें वर्षभर चाचपडत दिवस काढले. कार्ड खोटें नव्हतें, आणि डॉक्टरांनींही कांहीं लबाडी केली नव्हती. ही योजना दवाखान्यांतील तपासणीसाठीं नाहीं, रुग्णालयांतील उपचारासाठीं आहे, एवढी एक गोष्ट आजीबाईंना कोणीं सांगितली नव्हती.

आयुष्मान भारत ही केंद्र सरकारची योजना २०१८ च्या सप्टेंबरांत सुरू झाली. तींत कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण मिळतें. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांच्या व त्यावरील सर्वांना, मग त्यांचें उत्पन्न कितीही असो, ती खुली झाली आहे. वय आधार कार्डावरून धरितात. महाराष्ट्रांत हिच्या जोडीला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना चालते. या योजनांचा पैसा शस्त्रक्रियेकरितां वा रुग्णालयांत दाखल होऊन घ्यावयाच्या उपचाराकरितां आहे. नंबर काढणें, चष्मा करणें, डोळ्यांत घालावयाचें साधें औषध लिहून घेणें, हें त्यांत बसत नाहीं. म्हणून कार्ड चालणारा ‘डॉक्टर’ शोधूं नये. ज्याचा नेत्रविभाग योजनेंत नोंदलेला आहे असें ‘रुग्णालय’ शोधावें.

मग तपासणी कोठें करावी? आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयांत. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. जिल्हा रुग्णालयांत नेत्रतज्ज्ञ असतात, आणि पुष्कळ ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी असतात. शिवाय १९७६ सालापासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याखालीं मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विम्याच्या कार्डावांचूनही फुकट होते. पांढरपेशा माणसास सरकारी इस्पितळाची पायरी चढण्याचा संकोच वाटतो. हा संकोच मला कधींच समजला नाहीं. निदान हातीं येतें, कागद मिळतो, आणि पुढें कोणत्या शस्त्रक्रियेची चौकशी करावयाची तें नेमकें कळतें.

ही चौकशी दोन प्रकारें करितां येते. योजनेच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा व नेत्ररोग हा विभाग निवडला असतां रुग्णालयांची यादी दिसते. घरांतील एखादा मुलगा वा नात हें काम क्षणांत करील. नाहीं तर १४५५५ या क्रमांकावर, किंवा महाराष्ट्रांत १५५३८८ वर, दूरध्वनि करावा. मात्र यादींत नांव आहे एवढ्यावर विसंबून तिकीट काढूं नका. रुग्णालय योजनेंत असणें निराळें, त्याचा नेत्रविभाग योजनेंत असणें निराळें. आणि कांहीं शस्त्रक्रिया तर केवळ सरकारी रुग्णालयांसाठींच राखून ठेवलेल्या असतात. याद्याही बदलत असतात. तेव्हां निघण्यापूर्वीं रुग्णालयास विचारावें, तें असें: ‘माझ्या कागदावर अमुक शस्त्रक्रिया लिहिली आहे, ती या कार्डावर तुमच्याकडे आज होते काय?’ ‘कार्ड चालतें का?’ एवढ्याच प्रश्नाला ‘हो’ म्हणणें फार सोपें असतें.

रुग्णालयांत गेल्यावर आरोग्यमित्राचें टेबल गांठावें. आधार कार्ड व तपासणीचे कागद त्याला दाखवावे. शस्त्रक्रियेची पूर्वपरवानगी रुग्णालय मागवितें. आपण कांहीं भरावयाचें नसतें. केंद्राच्या दरपत्रकांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व डोळ्यांत बसवावयाचें भिंग यांचा खर्च एकत्रच धरलेला आहे. ‘भिंगाचे पैसे वेगळे’ असें कोणी म्हणाल्यास आरोग्यमित्रापुढेंच खुलासा मागावा, व समाधान न झाल्यास वरील क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अधिक किमतीचें भिंग स्वखुशीनें मागणें ही गोष्ट अर्थात् निराळी.

मोतीबिंदु पूर्ण पिकेपर्यंत थांबावें ही समजूत आतां जुनी झाली आहे. दैनंदिन कामास अडचण येऊं लागली कीं नेत्रतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. मधुमेह असणारांनीं तर नजर चांगली असली तरी वर्षांतून एकदां डोळ्यांचा मागचा पडदा तपासून घ्यावा.

एका प्रसंगीं मात्र ही सारी शोधाशोध बाजूस ठेवावी. एकाएकीं दृष्टि गेली, डोळ्यापुढें पडदा ओढल्यासारखें झालें, विजेसारखे लखलखाट दिसूं लागले, किंवा डोळा लाल होऊन असह्य ठणका व उलटी सुरू झाली, तर जें नेत्ररुग्णालय जवळ असेल तेथें त्याच दिवशीं जावें. अशा वेळीं तासांचा हिशेब असतो.

शस्त्रक्रियेनंतर घरीं सोडतांना जो कागद देतात तो जपून ठेवा. केंद्राच्या योजनेंत पुढील १५ दिवसांचीं औषधें व तपासण्या धरलेल्या आहेत. डोळ्यांत घालावयाचे थेंब रुग्णालयांतूनच मागून घ्यावे, आणि फेरतपासणीची तारीख त्याच कागदावर लिहवून घ्यावी.