शर्यतीत एकच स्पर्धक

साठी उलटली की आपल्या घरांत वडीलधाऱ्यांचा दिनक्रम जणू ठरूनच जातो. सकाळी देवपूजा, दुपारी पोथी, संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस. चिटगुप्प्यात तेच, हुमनाबादेत तेच आणि आळंदेतही तेच. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर आपण सहज उच्चारतो, आणि बुद्धीबरोबर पायांनाही निवृत्त करून टाकतो. कन्नड मुलुखात राहून आपण आपली भाषा व सणवार जतन केले, तशीच ही समजूतही जतन केली. वास्तविक ती जतन करण्याजोगी आहे काय, हा विचार पंजाबातील एका वृद्धेच्या चरित्रामुळे मनात येतो.

श्रीमती मान कौर यांचा जन्म १ मार्च १९१६ चा. तरुणपणी त्यांनी पतियाळाच्या राजवाड्यात मुले सांभाळण्याचे काम केले. पुढे लग्न, मुलेबाळे, संसार. मैदानाशी त्यांचा संबंध आला तो वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. त्यांचे चिरंजीव गुरदेव सिंग स्वतः प्रौढांच्या स्पर्धांत धावत असत. त्यांनी आईला मैदानावर नेले. तत्पूर्वी वैद्यकीय तपासणी करून हृदय व गुडघे ठीक असल्याची खात्री करून घेतली, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

२०११ साली अमेरिकेतील सॅक्रामेंटो येथे प्रौढांच्या जागतिक स्पर्धा झाल्या. तेथे त्यांनी सुवर्णपदके मिळविली. २०१६ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे शंभर मीटरचे अंतर त्यांनी १ मिनिट २१ सेकंदांत कापले. पुढल्याच वर्षी, वयाच्या १०१ व्या वर्षी, न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे त्याच अंतरास १ मिनिट १४ सेकंद लागले. २०१९ मध्ये पोलंडमधील तोरुन्य येथे त्यांनी साठ व दोनशे मीटर धावणे, गोळाफेक आणि भालाफेक अशी चार सुवर्णपदके पटकाविली. २०२० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारीशक्ती पुरस्कार प्रदान करण्यात आला. ३१ जुलै २०२१ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ऑकलंडमध्ये शंभरी ओलांडलेल्यांच्या गटात त्या एकट्याच होत्या. मग हरविले कोणाला? एकट्याने धावून मिळविलेल्या पदकाचे मोल ते काय?

याचे उत्तर या स्पर्धांच्या रचनेत आहे. १९७५ साली टोरांटो येथे अशा पहिल्या जागतिक स्पर्धा भरल्या. वयाच्या पस्तिसाव्या वर्षापासून दर पाच वर्षांचा एक गट असतो. पन्नाशीच्या माणसाला तरुणाशी झगडावे लागत नाही आणि ऐंशीच्या माणसाला साठीच्या माणसाशी नाही. वरच्या गटांत स्पर्धक विरळ होत जातात, तेव्हा खरा प्रतिस्पर्धी उरतो तो घड्याळाचा काटा. व्हँकुव्हर ते ऑकलंड या अवधीत मान कौर यांनी सात सेकंद वाचविले. हा विजय त्यांनी आपल्याच गतवर्षीच्या पायांवर मिळविला होता.

शिवाय अशा नोंदीला पुढे उत्तरही मिळते. जून २०२२ मध्ये वडोदरा येथील राष्ट्रीय स्पर्धेत हरियाणातील कादमा गावच्या रामबाई यांनी, वयाच्या १०५ व्या वर्षी, शंभर मीटर ४५.४० सेकंदांत धावून मान कौर यांचा विक्रम मोडला. त्याही एकट्याच धावल्या; परंतु त्यांच्यापुढे मान कौर यांची वेळ होती. एकीने आखलेल्या रेषेवरून दुसरी पुढे गेली. याला शर्यत म्हणू नये, तर काय म्हणावे?

वेगाने धावणे हे उतारवयात चालण्याहून अवघड असते, कारण झटक्याने काम करणारे स्नायूच वयोमानाने आधी झिजतात. नियमित व्यायामाने ती झीज मंदावते. मात्र आधी तपासणी, मग पुष्कळ दिवस नुसते चालणे, आणि धावण्यापूर्वी अंग चांगले मोकळे करणे, हा क्रम मोडता कामा नये. नाही तर पोटरीचा स्नायू किंवा टाचेची शीर दुखावण्याचे भय असते.

आपल्या घरांतील आजीबाईंनी पाणी, जळण, धान्याची पोती आणि कडेवरची पोरे वाहून जन्मभर शरीर कसलेले असते. मग एक दिवस सून म्हणते, “अत्याबाई, तुम्ही आता बसा,” आणि मायेपोटीच ते कसलेले शरीर सैल पडू लागते. विश्रांती देण्यात चूक नाही. परंतु विचारल्यावाचून देऊ नये. पहाटे शाळेच्या पटांगणावर शंभर मीटर मोजून द्यावेत, सोबतीला मुलाने किंवा नातवाने घड्याळ घेऊन उभे राहावे. पहिल्या महिन्यात त्या चालतील. त्या दिवशीची वेळ वहीत टिपून ठेवावी, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मोजावी.