मँट आणि चिझम : दोन इंग्रज, एक राजवाडा

कोल्हापूरला गेलो की आपण अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर फिरतो, मिसळ खातो आणि संध्याकाळच्या एस.टी.ने गारगोटीला परत येतो. सी.पी.आर. हॉस्पिटलजवळच्या टाउन हॉलकडे मात्र फारसं कुणी मान वर करून बघत नाही. आपण इंजिनिअरिंगवाले, आपण तरी बघायला हवं! हा टाउन हॉल, सी.पी.आर.ची जुनी इमारत आणि न्यू पॅलेस या तिन्हींचं डिझाइन एकाच माणसाचं आहे : मेजर चार्ल्स मँट (१८३९-१८८१). त्याचं बडोद्यातलं अपुरं काम पूर्ण करणारा दुसरा इंग्रज म्हणजे रॉबर्ट चिझम (१८४०-१९१५).

या दोघांच्या आधी इंग्रजांची फॅशन वेगळी होती. मुंबईचा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत, १८३३ मध्ये पूर्ण झाली. कर्नल थॉमस कूपरचं हे डिझाइन. समोर उंच पायऱ्या, वर ग्रीक देवळासारखे डोरिक खांब. याला निओक्लासिकल शैली म्हणतात. १८५७ नंतर मात्र वारं फिरलं. इंग्रजांना आपण इथल्या जुन्या राजवटींचे वारसदार आहोत असं दाखवायचं होतं आणि संस्थानिकांना आधुनिक पण देशी थाटाचे वाडे हवे होते. यातून इंडो-सारासेनिक शैली आली : कमानी, छत्र्या, घुमट, आणि आत युरोपियन सोयी.

स्ट्रक्चरच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. दगडाला दाब सहन होतो, वाकणं सहन होत नाही. खांबांवर दगडी तुळई ठेवली की ती खालच्या बाजूने ताणली जाते, म्हणून खांब जवळजवळ ठेवावे लागतात. कमानीत दगड फक्त दाबला जातो, त्यामुळे मोठं अंतर पार करता येतं. पण कमान बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलते. तो ढकलणारा जोर कुठे जिरवायचा, हीच खरी परीक्षा.

मँट हा लष्करी इंजिनिअर. कोल्हापूरचा टाउन हॉल (१८७२-७६) त्याने गॉथिक पद्धतीने केला. उतरती छपरं, टोकदार मनोरे, पण दगड आपलाच काळा. पुढे न्यू पॅलेसमध्ये (१८७७-८४) त्याने गुजरात-राजस्थानच्या जैन आणि हिंदू वास्तूंमधले तपशील घेतले आणि मधोमध घड्याळाचा मनोरा उभा केला. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये तर त्याने अनेक शैली एकत्र आणल्या. थोडक्यात, मँट तपशील गोळा करणारा.

चिझम सैन्यातला नव्हता. मद्रास सरकारचा तो सल्लागार आर्किटेक्ट. मद्रासचं सीनेट हाउस (१८७९) त्याचंच. त्रिवेंद्रमच्या नेपियर म्युझियमसाठी (१८८०) त्याने केरळची उतरती छपरं घेतली. दिसायला छान म्हणून नाही, तर तिथल्या पावसाला आणि उकाड्याला तेच योग्य म्हणून. बडोदा कॉलेजचा घुमट बांधताना त्याने विजापूरच्या गोलघुमटाचा आधार घेतला. तिथे एकमेकांना छेदणाऱ्या कमानी चौकोनी खोलीवरून गोल घुमटाकडे जातात आणि जोर आवरून धरतात. म्हणजे चिझमने नुसता आकार घेतला नाही, तो आकार तसा का आहे हेही समजून घेतलं.

१८८१ मध्ये मँट वारला. न्यू पॅलेसचं काम त्याच्या पश्चात पूर्ण झालं, तर लक्ष्मीविलास चिझमने १८९० मध्ये पुरा केला. मँटबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात. आपलं गणित चुकलंय, आपले राजवाडे कोसळणार, या भीतीने शेवटी त्याचं मन बिघडलं. गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडा, पण इमारती आजही उभ्या आहेत! जाड दगडी बांधकामात दगडावर येणारा दाब त्याच्या ताकदीच्या मानाने फार कमी असतो. योग्य आकार आणि पक्का पाया असेल तर ते सहजासहजी पडत नाही.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण पुढेमागे आपल्याही सहीवर माणसं राहणार आहेत. भीती वाटणं वाईट नाही, पण ती एकट्याने उराशी बाळगू नये. आकडे दुसऱ्याला दाखवावेत, तपासून घ्यावेत. सबमिशनला गणित शेजारच्याकडून उतरवून घेणं आणि शेजाऱ्याकडून तपासून घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरं म्हणजे नक्कल. आजकाल मंगल कार्यालयं आणि बंगल्यांपुढे ग्रीक खांब दिसतात. आत आर.सी.सी., बाहेर प्लॅस्टर, आणि त्या नक्षीवर भार शून्य! भुदरगडच्या पावसात सपाट स्लॅब टाकायचा, तो गळला की वर पत्र्याची शेड मारायची, हेही आपण रोज बघतो. अशा वेळी मँटची मेहनत हवी, पण नजर चिझमची हवी.

तेव्हा पुढच्या वेळी कोल्हापूरला जाल तेव्हा अर्धा तास टाउन हॉलला द्या. १९४९ पासून तिथे म्युझियम आहे. ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक देवाची छोटी कांस्यमूर्तीही तिथलीच. मूर्ती बघाच, पण त्याआधी बाहेर उभं राहून एक कमान निवडा आणि तिचा भार कुठून कुठे जातो ते वहीत काढून बघा.