बोरिवलीच्या जंगलात पायी फिरायला निघालात? कुठली वाट खुली, कुठली बंद आणि का, ते आधी वाचा

ठाणे : पावसाळा लागला की मोबाइलवर धबधब्यांच्या रील सुरू होतात. त्यातल्या बऱ्याच ठाणे आणि बोरिवलीच्या मधल्या डोंगरातल्या असतात. मुरबाड, शहापूर, वाड्याकडून कामाला मुंबईत गेलेली पोरं रविवारी चार मित्र जमवतात, नकाशा उघडतात, त्यावर जंगलातून जाणारी बारीक रेघ दिसते आणि निघतात. घोटाळा तिथेच होतो. नकाशावर रेघ आहे म्हणजे वाट खुली आहे, असं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नसतं.

हे जंगल साधारण 104 चौरस किलोमीटरचं. पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला ठाण्याचं येऊर, दक्षिणेला पवई आणि आरे, तर नागला नावाचा एक तुकडा वसईच्या खाडीपलीकडे. जुनी माणसं अजून ‘नॅशनल पार्क’ एवढंच म्हणतात. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, आणि तो अभयारण्यापेक्षा कडक आहे. तानसा किंवा तुंगारेश्वर ही अभयारण्यं. तिथे गुरं चारण्यावर नियम घालता येतात, पण सरसकट बंदी असतेच असं नाही. राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरं चारायलाच मनाई आहे. विनापरवाना आत शिरणं, विस्तव करणं, झाड तोडणं, हे सगळं गुन्ह्यात मोडतं. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

कुठे जाता येतं?

सगळ्यात सोपी वाट कान्हेरीची. बोरिवलीच्या मुख्य दरवाजातून तिकीट काढून आत गेलं की लेण्यांपर्यंत डांबरी रस्ता आहे, साधारण 6 किलोमीटर. बस मिळते, चालतही जाता येतं. लेण्यांचं तिकीट वेगळं, कारण ती पुरातत्त्व खात्याकडे आहेत. शंभराहून जास्त गुंफा एकाच कातळात कोरलेल्या आहेत, आणि सगळ्यात जुन्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या. गावाकडच्या माणसाने तिथे मूर्तींइतकंच लक्ष देऊन पाहावं असं आहे ते पाणी. गुंफेगुंफेपाशी कातळात टाकी खोदलेली आहेत. डोंगरावर पडणारा पाऊस बारीक पन्हळींनी त्यात उतरवलेला. जिथे वर नदी नाही, विहीर नाही, तिथे भिक्खू बारा महिने राहत होते ते या टाक्यांच्या जोरावर. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावांना ही सोय लगेच कळेल.

लेण्यांच्या वरच्या कातळावरून मागच्या जंगलात पायवाटा उतरताना दिसतात. त्या फिरायला दिलेल्या नाहीत. पोरं नेमकी तिथेच भरकटतात.

शिलोंड्याची वाट ओढ्याच्या काठाकाठाने जाते. पक्षी आणि फुलपाखरं पाहायला ती फार चांगली, पण वाटाड्याशिवाय जाता येत नाही. त्यासाठी उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात आधी नाव नोंदवावं लागतं. जांभूळमाळ हे या जंगलातलं सगळ्यात उंच ठिकाण, 468 मीटर. तिथेही आधी परवानगी लागते. खाडीपलीकडच्या नागल्यालाही तेच. येऊरला गाडीरस्ता आणि पाडे असल्यामुळे लोकांना वाटतं की सगळं मोकळंच आहे. तसं नाही. तिथे वनखात्याचा नाका आहे, हवाई दलाचं केंद्र आहे, आणि रस्ता सोडून आत वळलं की उद्यानाचीच हद्द लागते.

रात्री ही वाट बिबट्याची असते

बंद वाटांचं पहिलं कारण बिबट्या. पण कारण समजून घेतलं नाही तर नियम नुसताच त्रास वाटतो.

बिबट्या झुडपातूनच चालतो, असा आपला समज. खरं तर त्यालाही काटे टोचतात. पाचोळ्यावर पाय पडला की आवाज होतो आणि सावज सावध होतं. म्हणून तो सरळ माणसाची पायवाट किंवा गाडीरस्ता धरतो. अभ्यासक बिबटे मोजायला आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावतात, तेही अशा वाटांच्या कडेलाच. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, त्यामुळे तोच पुन्हा मोजला जात नाही. 2015 च्या मोजणीत हे जंगल आणि लगतचा आरेसारखा भाग मिळून 35 बिबटे आढळले. 2018 मध्ये 47.

म्हणजे सकाळी माणसं ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने सांजवल्यावर बिबट्या निघतो. दिवस मावळायच्या आत बाहेर या, असं वाटाडे सांगतात ते यासाठी. दुपारी चारला धबधब्यावर पोचून ‘अजून उजेड आहे’ म्हणणाऱ्यांनी परतीचे दोन तास मोजलेले नसतात.

आपल्या तालुक्यांचाही या वाटांशी संबंध आहे. 2009 साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने तो काढला, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. म्हातारा दिसत होता म्हणून नाव पडलं आजोबा. हा आजोबा तिथून कसाऱ्याच्या रेल्वे स्टेशनाजवळून, महामार्ग ओलांडत, वसईची खाडी पोहून साधारण महिनाभरात थेट बोरिवलीच्या जंगलापर्यंत आला. सुमारे 120 किलोमीटर. वाटेत एवढी गावं लागली, त्याने माणसाला धक्का लावला नाही. 2011 च्या डिसेंबरमध्ये तो गाडीच्या धडकेत मेला. त्याच्यावर 2014 साली मराठी सिनेमाही आला.

याच्या उलट बाजूही आहे. 2004 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात या उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्याचे हल्ले फार वाढले, माणसं मेली. बाहेर पकडलेले बिबटे अनोळखी जंगलात आणून सोडल्याने हल्ले वाढतात, हे पुढे अभ्यासातून समोर आलं. ‘पकडा आणि लांब सोडा’ ही मागणी आपल्याकडेही प्रत्येक गावात होते, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दुसरी गोष्ट कचऱ्याची. कचरा पडला की कुत्री जमतात, कुत्री जमली की बिबट्या येतो. वाटेवर टाकलेलं वडापावचं उष्टंही या साखळीत बसतं.

पाणी बघून उतरू नका

उद्यानाच्या पोटात दोन तलाव आहेत, विहार 1860 चा आणि तुळशी 1879 चा. दोन्हींचं पाणी आजही मुंबईला जातं. त्यामुळे त्यांच्या काठाला जाऊन पोहणं, पार्टी करणं हे जंगलाच्या कायद्याबरोबर पिण्याच्या पाण्याचाही प्रश्न होतं. दहिसर नदी तुळशीकडून निघते, आणि मिठी नदीत विहार आणि पवईचं सांडव्याचं पाणी येतं.

ओढ्यांचं वेगळं सांगायला नको, पण दर पावसाळ्यात सांगावं लागतंच. वर डोंगरात सर कोसळली की खाली ऊन असतानाही ओढा चढतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत येऊ लागला, की लगेच काठ सोडायचा. सेल्फी नंतर. आणि पलीकडे अडकलात तर उतरायची घाई करू नका, पाणी जसं चढतं तसं तासा-दोन तासांत ओसरतंही.

पावसानंतर चालायला खरी मजा. कुडाच्या भिंतीसाठी आपल्याकडे जी कारवी वापरतात, ती या डोंगरांवर रानोमाळ आहे आणि आठ वर्षांतून एकदाच फुलते. 2008, 2016 आणि 2024 ला डोंगर जांभळे झाले होते. हिवाळा सरला की तीच कारवी, तेच गवत वाळून काड्यापेटी होतं. वनखातं त्यासाठी जाळरेषा काढतं, पण एका विडीच्या थोटकापुढे जाळरेषेचं काही चालत नाही. विडी-काडी दरवाजाबाहेरच ठेवलेली बरी.

वाट पाड्यातून जात असेल तर तिथल्या माणसांना विचारून पुढे जावं. उद्यानात पिढ्यान्‌पिढ्या वारली, महादेव कोळी अशी आदिवासी कुटुंबं राहतात. शहरातली माणसं जिला ट्रेल म्हणतात ती त्यांच्या पोरांची शाळेची वाट असते. बायका पाण्याला, सरपणाला जाताना त्यांचे फोटो काढणं, अंगणात डबे उघडून बसणं याचा लोकांना वैताग येतो. बिबट्या कालपरवा कुठे दिसला, ओढा कुठून पार होतो, हे नकाशापेक्षा पाड्यावरचा म्हातारा चांगलं सांगतो. वाघोबाला मानणारी ही माणसं बिबट्याबरोबर राहायला शिकली आहेत.

बिबट्या समोर आलाच तर पळायचं नाही. पळणारं ते सावज, हे त्याच्या रक्तात आहे. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही. लहान मूल बरोबर असेल तर ते उचलून घ्यायचं. तोंड त्याच्याकडे ठेवून, मोठ्याने बोलत, हळूहळू मागे सरायचं आणि त्याला निघून जायला जागा ठेवायची. बहुतेक वेळा तोच आधी निघून जातो. घोळका करून त्याला घेरणं आणि मोबाइल घेऊन पुढे जाणं, यातच माणसं जखमी होतात. हे उसाच्या फडातही तितकंच लागू आहे. शौचाला बसलेला किंवा गवत कापायला वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, म्हणून अंधारात एकट्याने जाऊ नये, बरोबर बॅटरी असावी, मोबाइलवर गाणं लावलेलं असावं.

जंगलात कुणी हरवलं, वणवा दिसला किंवा जखमी प्राणी आढळला तर वनखात्याची 1926 ही मदतवाहिनी आहे, फोन फुकट लागतो. आत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून कुठल्या वाटेने जातोय आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून निघावं. उद्यान आणि कान्हेरी सोमवारी बंद असतं. गावाहून खास गाडी करून येणाऱ्यांनी वार बघूनच निघावं.