लाकडी सज्जा आणि डेक का कुजतात? त्यांची निगा कशी राखावी?

पावसाळा तोंडावर आला की नाशिक महापालिका जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावते. तरीही संततधार लागली की एखाद्या वाड्याची भिंत किंवा माडी कोसळल्याची बातमी येतेच. त्याच जुन्या वस्तीत सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडाही आहे. गोदावरीला पूर आला की पाणी त्याच्या कितव्या पायरीला लागले यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. पुरातत्त्व विभागाने दुरुस्ती केलेला हा वाडा आजही उभा आहे. एके ठिकाणी लाकूड टिकते आणि दुसरीकडे कुजते, ते का?

हा प्रश्न फक्त वाडेकऱ्यांचा नाही. अलीकडे बंगल्याच्या गच्चीवर किंवा रो-हाऊसच्या अंगणात लाकडी डेक बसवला जातो. त्यालाही तेच नियम लागू होतात.

लाकूड कुजते म्हणजे काय होते?

लाकूड बुरशीमुळे कुजते. बुरशीला हवा, ऊब आणि ओलावा लागतो. यातला फक्त ओलावाच आपल्या हातात असतो. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. म्हणून भिजून लगेच वाळणारे लाकूड वर्षानुवर्षे टिकते, आणि सतत दमट राहणारे काही पावसाळ्यांतच पोकळ होते.

साग टिकाऊ असतो तो त्याच्या गाभ्यामुळे. गाभ्यातली नैसर्गिक तेलकट द्रव्ये बुरशीला आणि वाळवीला दूर ठेवतात. सालीलगतच्या फिकट भागात हे संरक्षण नसते. कमी वयाच्या झाडात हा फिकट भाग जास्त असतो. त्यामुळे 'सागाचे आहे, काही होणार नाही' ही समजूत महागात पडते.

पाणी नेमके कुठे मुरते?

लाकूड फळीच्या पृष्ठभागापेक्षा टोकांमधून कितीतरी जास्त पाणी शोषते, कारण झाडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या टोकाशी उघड्या पडतात. वाड्यातल्या खांबाखाली दगडी तळखडा असतो तो म्हणूनच. खांबाचे टोक जमिनीच्या ओलीपासून वर राहते.

वाड्याची खरी दुखरी जागा म्हणजे भिंतीत शिरलेली तुळईची टोके. छपराचे कौल सरकले किंवा पन्हाळ तुंबली की पाणी भिंतीत उतरते. माती-चुन्याच्या भिंतीतली ओल हळूहळू बाहेर पडते. पण तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ती आतच अडकते आणि तुळईचे टोक कुजत राहते. खालून कडीपाट ठणठणीत दिसतो, पण त्याचा आधार गेलेला असतो.

डेकवर अशा जागा म्हणजे कुंड्यांखालचा भाग, दोन फळ्यांमधली कचऱ्याने बुजलेली फट, फळी जिथे खालच्या सांगाड्यावर टेकते ती जागा आणि गच्चीचे तुंबलेले जाळीचे तोंड.

तपासणी मे महिन्यात

पाऊस येण्याआधी लाकूड पूर्ण वाळलेले असते, म्हणून हा काळ योग्य.

- स्क्रू ड्रायव्हरचे टोक संशयित जागी दाबून पाहावे. ते सहज आत गेले तर लाकूड आतून कुजले आहे.
- लाकूड ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला की खोलवर तपासणी हवी.
- भिंतीवर किंवा खांबावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. बारीक छिद्रे आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर भुंगेरे आहेत.
- पृष्ठभागावर पाण्याचे थेंब टाकावेत. थेंब मोत्यासारखे राहिले तर लेप शाबूत आहे. लगेच मुरले तर नवा लेप द्यायला हवा.

वाळवी बहुधा जमिनीतून येते. वरवर रॉकेल फासल्याने तिची वसाहत मरत नाही. त्यासाठी जमिनीत आणि भिंतीच्या बुडाशी प्रशिक्षित माणसाकडून औषध सोडून घ्यावे.

स्वच्छता आणि लेप

डेक मऊ ब्रश आणि सौम्य साबणाच्या पाण्याने, रेषांच्या दिशेने घासावा. जोरदार फवाऱ्याच्या यंत्राने लाकडाचे तंतू उसवतात. फटी साफ कराव्यात. फळ्या रुंदीत फुगतात आणि आकसतात, म्हणून त्यांच्यात 5 ते 6 मिलिमीटर जागा मोकळी असावी. धुतल्यावर दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळू द्यावे आणि मगच लेप द्यावा. ओल्या लाकडावरचा लेप ओलावा आतच कोंडतो.

उघड्यावरच्या फळीला चकचकीत व्हार्निशपेक्षा आत मुरणारे डेक ऑइल बरे. व्हार्निशचा पापुद्रा उन्हाने तडकतो आणि त्याखाली पाणी साचते. तेल फक्त फिकट होते, त्यामुळे पुन्हा लावणे सोपे जाते. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना दोनदा लेप द्यावा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरावेत. साध्या लोखंडाने सागावर काळे डाग पडतात.

एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात.

निगा कुठे संपते?

तुळई वाकणे, जमीन एका बाजूला कलणे, दारे अचानक अडकू लागणे, भिंतीला फुगवटा येणे ही लक्षणे तेल लावून जात नाहीत. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार धोकादायक बांधकाम रिकामे करून घेण्याचा अधिकार महापालिकेला आहे.

अनेक वाड्यांत घरमालक आणि जुने भाडेकरू यांच्यात दुरुस्ती कोणी करायची यावरून वर्षानुवर्षे वाद चालतो. तोवर भिंतीतली ओल आपले काम करतच राहते. वाद सुटेपर्यंत सरकलेले कौल बसवणे आणि तुंबलेली पन्हाळ मोकळी करणे एवढे तरी कोणालाही करता येते. पण वरची लक्षणे दिसू लागली असतील, तर पाऊस सुरू होण्याआधीच ती जागा सोडावी.